गवंड्याच्या हाताखाली

ऑगस्ट 2019च्या पहिल्या पंधरवड्यात कृष्णा आणि पंचगंगा एकाच वेळी फुगल्या. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आहे. तिथे पाणी 57 फुटांच्या वर गेलं. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा येऊन मिळते आणि हे सगळं पाणी शिरोळ तालुक्याच्या सपाट काळ्या रानावर पसरतं. येताना ते भराभर येतं, जाताना मात्र दिवस खातं. माणसं साखर कारखान्यांच्या आवारात जनावरांसकट राहिली आणि पाणी उतरल्यावर गाळाने भरलेल्या घरांत परतली.

बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या आणि जुन्या कपड्यांचे ढीग घेऊन गाड्या पहिल्या आठवड्यातच येऊन गेल्या. आम्ही ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात या पट्ट्यातल्या एका गावात पोचलो. पुणे, मिरज आणि इचलकरंजीची मिळून बावीस माणसं. कॉलेजची पोरं, दोन शिक्षिका, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, चार-पाच संगणकवाले. सोमवारी, 2 सप्टेंबरला गणपती बसणार होते. त्याच्या आत जेवढी घरं राहण्याजोगी होतील तेवढी करायची, एवढंच ठरवून आलो होतो. त्या आठवड्यातला हा गुरुवार.

पहाटे साडेपाच

मुक्काम गावाच्या उंचवट्यावरच्या समाजमंदिरात. उठल्यावर पहिलं काम म्हणजे गमबूट उलटे करून झटकायचे. पुराबरोबर साप-विंचू गावात आलेत आणि कोरडी, अंधारी जागा त्यांनाही हवी असते. चहाबरोबर आज गोळीही आहे. गाळात उघड्या पायांनी काम केलं तर लेप्टोची भीती, म्हणून डॉक्टरांनी आठवड्याला एक डॉक्सीसायक्लीन सांगितलेली. पायाला कापलेलं असेल त्याने गाळात उतरायचं नाही, त्याला कौलं नाहीतर विटा वाहायचं काम.

फळ्यावर दिवसाची वाटणी लिहिलेली असते. डाव्या बाजूला घर, मधे काम, उजवीकडे माणसं. सगळ्यात वर तीन नावं कायम : गवंडी, सुतार, वायरमन. तिघेही इथल्याच पंचक्रोशीतले आणि तिघांच्याही घरांत पाणी शिरलेलं. त्यांना रोज द्यायचा, हे आम्ही पहिल्याच बैठकीत पक्कं केलं. जमवलेल्या पैशातला मोठा हिस्सा त्यांच्या मजुरीवर आणि वाहून गेलेल्या हत्यारांच्या जागी नवी घेण्यावर जातो. बाकी आम्ही सगळे त्यांच्या हाताखालचे बिगारी.

सकाळी सात

गवंड्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. त्यांच्यामागून गावात फेरी मारायची, हा रोजचा नेम. हातात एक लांब खिळा. मातीच्या भिंतीपाशी थांबून ते तो तळहाताने दाबतात. खिळा सरळ आत गेला, की मान हलवून पुढे.

"वली हाय अजून. हात लावू नगा."

मातीच्या भिंती पाण्यात उभ्या असताना पडतात, असं आम्हाला वाटायचं. कितीतरी भिंती पडल्या त्या पाणी उतरल्यावर. पूर चढलेला असतो तेव्हा भिंतीला आतून-बाहेरून दोन्हीकडून पाण्याचा दाब असतो. पाणी गेलं की तो आधार जातो, आणि चिंब भिजून जड झालेली माती आपल्याच वजनाने बसते. त्यात पायथ्याची दीड-दोन फूट माती विरघळून गेलेली. वरून छपराचा भार तसाच. पायाखालची काळी माती भिजून फुगलेली असते, ती वाळताना आकसते आणि भिंतींना तिरक्या भेगा पडतात. म्हणून खाटा भिंतीपासून लांब टाका, हे मिस्त्री दारोदार सांगत फिरतात.

दुसरी गोष्ट ते आम्हाला सांगतात, कारण आमच्यातल्या उत्साही मंडळींना ती पटत नाही : सिमेंटचा गिलावा आत्ता करायचा नाही. ओल्या मातीवर सिमेंट थापलं की बाहेरून घर नवं दिसतं आणि आतली ओल आतच कोंडते. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तो गिलावा मातीसकट सुटून खाली येतो. आत्ता करायचं ते उलटं. फुगलेले पोपडे खरवडायचे, भिंत उघडी करायची, दारं-खिडक्या सताड उघडून वारा खेळू द्यायचा. फोटोत हे काम नुकसानीसारखंच दिसतं.

साडेआठ

दहाजण गाळात. आजचं घर तीन खणांचं, राहतात सासू-सून आणि दोन मुलं. गाळ ओला आहे तोवर उपसायला हवा. वाळला की कुदळीलाही दाद देत नाही. आतल्या खोलीतून सुरुवात करून दाराकडे यायचं. भिंतीलगतचा गाळ एकाच बाजूने खणून काढायचा नाही, दोन्हीकडचा थोडा थोडा कमी करत जायचा, नाहीतर ओली भिंत मोकळ्या बाजूला कलते. खोऱ्याने घमेलं भरायचं, माणसांची रांग लावून हातोहात बाहेर काढायचं, ट्रॉलीत ओतायचं. रस्त्यावर ढीग घातला तर पहिल्या सरीला तो शेजारच्या घरात जातो.

घमेल्यात काय आलं हे बघितल्याशिवाय टाकायचं नाही, असा सुनेचा हुकूम. गाळातून पोळपाट निघाला, कुकरचं झाकण निघालं, शाळेचं दप्तर निघालं. मग कोपऱ्यातली लोखंडी कोठी. तिचं झाकण पहारीने उचकटलं तसा आंबलेला वास खोलीभर पसरला आणि रांगेतले दोघे बाहेर पळाले. आत वर्षाची ज्वारी होती. वरच्या थराला पांढरे मोड येऊन ते काळे पडलेले, खाली सगळा लगदा. सासूबाईंनी पदर नाकाला लावून आत हात घातला, अगदी तळापर्यंत. मूठभर बाहेर काढून बघितली.

"जनावरंबी खायाची न्हाईत. टाका."

तोंडावर फडकी बांधून कोठी रिकामी केली, लांब नेऊन खड्ड्यात पुरली. रिकामी कोठी मात्र सासूबाईंनी स्वतः घासली. पत्रा शाबूत होता.

अकरा

तलाठी आले, आणि आल्यापासून ज्याची वाट बघत होतो ते काम सुरू झालं.

गल्लीच्या टोकाला एका आजींचं घर आहे. गाव त्यांना आक्का म्हणतं. घरात त्या एकट्याच. समोरची भिंत पक्क्या विटांची, बाकी सगळ्या मातीच्या, वर मंगलोरी कौलं. मागच्या भिंतीला पोट आलंय. पहिला पंचनामा झाला तेव्हा भिंत उभी होती, म्हणून कागदावर घराची पडझड अंशतः.

त्या एका शब्दावर बरंच अवलंबून असतं. आपत्ती निधीच्या तेव्हाच्या निकषांनुसार पूर्ण पडलेल्या घराला 95,100 रुपये. अंशतः पडझड झाली असेल तर पक्क्या घराला 5,200 आणि कच्च्याला 3,200, तेही नुकसान निदान 15 टक्के भरलं तर. गोठ्याला 2,100. म्हणजे आम्ही हौसेने एखादी भिंत टेकू देऊन उभी केली, किंवा पंचनाम्याआधीच पाडून मलबा साफ केला, तर त्या घराची पुढची वर्षं आमच्या श्रमदानाने बिघडू शकतात. इथे आल्यावर पहिल्या दिवशी हे सांगितलं ते गावच्या ग्रामसेवकांनी. तेव्हापासून नियम एकच : पंचनामा नाही तोवर विटेला हात नाही. आधी चारी बाजूंनी फोटो, मग कागद, मग खोरं.

तलाठी घराच्या मागे गेले, मिस्त्रींशी बोलले, खिळा आत जाताना स्वतः बघितला. भिंत धोकादायक, छपराचा भार पेलण्याजोगी नाही, असं फेरपंचनाम्यात आलं. आक्कांनी अंगठा दिला. मदत किती मिळायची ते तालुक्याला ठरेल. पण भिंत उतरवण्याआधीची स्थिती आता कागदावर आहे.

दुपारी दीड

जेवण देवळाच्या ओवरीत. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, खर्डा. पीठ मिरजेहून आलेलं, भाकरी थापणाऱ्या बायका गावातल्या. त्यांच्या चुली अजून पेटायच्या आहेत, म्हणून सगळी गल्ली इथेच जेवते.

गप्पा उसाच्या. शेंड्याच्या पोंग्यात गाळ बसला की ऊस कुजतो. बांधावर उभं राहिलं तर सगळं रान तपकिरी दिसतं. एकरी किती खर्च केला होता हे इथे प्रत्येकाला तोंडपाठ आहे, त्यामुळे घराला आता किती घालायचे याचं उत्तर कुणापाशीच नाही.

तेवढ्यात कपड्यांचा एक टेम्पो आला. गावाने नम्रपणे पुढे पाठवला. शाळेच्या व्हरांड्यात आधीचा ढीग पडून आहे, त्यात लग्नातले कोट आहेत आणि एकेकटे बूट. पाठवणाऱ्यांनी विचारलं, मग लागतं काय? सुताराने बोटांवर मोजत सांगितलं : वासे, रिपा, कौलं, खिळे, ताडपत्री, आणि ज्याला रंधा मारता येतो असा एक माणूस.

अडीच

आक्कांची भिंत.

सुताराने आधी घराच्या आतून आढ्याला आणि तुळईला टेकू दिले. खाली फळ्या घातल्या, नाहीतर टेकूच ओल्या जमिनीत रुतायचे. मग कौलं. आमच्यातल्या एका पोराने शिडी लावून पडक्या बाजूची कौलं उतरवायला घेतली, तसे मिस्त्री खालून ओरडले. एका पाखीची कौलं काढली तर दुसऱ्या पाखीचं वजन छपराला तिकडे ओढतं. दोन्ही पाख्यांवर एकेक माणूस, वरून खाली, ओळीमागे ओळ, दोघांचा हात बरोबरीने. खाली उरलेल्यांची रांग. धड कौलं एका बाजूला उभी रचायची, तडकलेली दुसरीकडे. तीन भागांतले दोन भाग धड निघाले. तेवढा खर्च वाचला.

भार उतरल्यावर भिंत. पहार वरच्या थराला लावायची, खालून खणायचं नाही. मलबा परसाकडे पडेल असा जोर द्यायचा. समोर कुणी उभं राहायचं नाही. वरचे थर निघाले, आणि मग मधला सगळा भाग एकदम बाहेर बसला. धूळ उडालीच नाही, इतकी माती भिजलेली होती.

आक्का सारख्या मधे येत होत्या. देवाचा कोनाडा त्या भिंतीत होता. मूर्ती त्यांनी आधीच काढून ठेवलेल्या, पण कोनाड्याची सागाची चौकट त्यांना हवी होती. मिस्त्रींनी मलब्यातून ती शोधून काढली, झटकली, आणि नव्या भिंतीत कुठे बसवायची ते जागेवरच विचारून घेतलं.

"हितंच. पर वर घ्या. माज्या डोस्क्याच्या वर."

पाच फुटांवर पाणी होतं तिथे देव सहा फुटांवर जाणार. नव्या भिंतीला पायथ्याशी दगड, त्यावर तीन फूट भाजक्या विटा सिमेंटमध्ये. वरचं काम विटांत की मातीत, ते पैशांवर.

साडेपाच

उन्हं उतरली की वायरमनची फेरी. मीटर आणि बोर्ड सगळे पाण्याखाली गेलेले. मेन स्विच बंद करून बोर्ड उघडायचे, गाळ काढायचा, वायरी तपासायच्या. भिंतीतली ओल जाईस्तोवर जुनी वायर चालू करायची नाही. तात्पुरती एक लाइन वरून ओढून एक दिवा, एक प्लग.

नवा बोर्ड किती उंचीवर, हा प्रश्न प्रत्येक घरात. 2005च्या पुराची रेघ इथे सगळ्यांना पाठ होती. तिच्या हिशेबाने जोती बांधली, माळे केले, धान्य त्या रेघेच्या वर ठेवलं. यंदा पाणी चढायला लागलं तेव्हाही लोकांनी सामान त्याच अंदाजाने माळ्यावर टाकलं आणि घरं सोडली. सांगलीत 2005ला पाणी 53 फुटांच्या पुढे गेलं होतं. या वेळी त्याच्याही वर गेलं आणि काही घरांत माळेही बुडाले. आता वायरमन नव्या रेघेच्या वर हातभर जागा सोडून खूण करतो. पोरांना बटणापर्यंत हात पुरत नाही म्हणून बायका कुरकुरतात, आणि खूण तिथेच राहू देतात.

रात्री साडेआठ

हिशेब आणि उद्याची वाटणी. आज गाळाची दोन घरं झाली, एक भिंत उतरली, पाच घरांत दिवा लागला. उद्या सकाळी विटांची ट्रॉली येईल, उतरवायला आठजण. आक्कांच्या मागच्या बाजूला ताडपत्री बांधली आहे. झोपायला त्या नणंदेकडे.

पुण्याहून फोन आला. रविवारी पन्नासजण यायला तयार आहेत, बस ठरवू का? एवढ्यांना जेवायला कोण घालणार, आणि त्यांनी करायचं काय? गाळ शनिवारपर्यंत संपेल. भिंती वाळायला दिवाळी उजाडेल. खरं काम तेव्हा निघणार : गिलावा, चुना, छपरं, दारांच्या चौकटी. तेव्हा मदतीच्या गाड्या नसतील, बातम्याही नसतील, आणि सुट्ट्या फराळाला लागलेल्या असतील. पन्नासजणांनी एका रविवारी येण्यापेक्षा पाच-पाच जणांनी दहा रविवार वाटून घ्यावेत, असं त्यांना सांगितलं. विचार करून कळवतो म्हणाले.

मिस्त्री कडेला बसून ऐकत होते. त्यांनी खिशातून मजुरी मांडायची वही काढली.

"फोनवाल्यांचं ऱ्हाऊ द्या. तुमच्यातलं दिवाळीनंतर कोन कोन येनार, सांगा. मला मानसं धरून काम घ्याया लागतंय."

आठजणांनी नावं दिली, तारखांसकट. बाकीच्यांनी ऑफिसात विचारून सांगतो म्हटलं. त्यांची नावं मिस्त्रींनी लिहिली नाहीत.