नातवाचे इन्सुलिन आणि आजीचा नवस

जालना जिल्ह्यातील माझ्या दवाखान्यात साखरेची गोळी घेणारे आजी-आजोबा रोज येतात. त्यांच्यापैकी एखाद्याच्या घरातील आठ-दहा वर्षांच्या मुलाला मधुमेह निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘आमचे गोळीवर भागते, मग लेकराला सुई कशाला?’

प्रश्न चुकीचा नाही. नाव एकच असले तरी आजार दोन आहेत. उतारवयातील मधुमेहात शरीरात इन्सुलिन बहुधा असते, परंतु ते पुरे पडत नाही. मुलांमध्ये प्रामुख्याने आढळणाऱ्या टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. तो गोड खाल्ल्याने होत नाही, आईच्या हयगयीने होत नाही आणि आजीने दिलेल्या लाडवाने तर नाहीच. हे मी घरातील सर्वांना एकत्र बसवून सांगतो. कारण दोषाचे बोट बहुतेक वेळा सुनेकडे वळते आणि जिने पुढची अनेक वर्षे धीर धरायचा, तिचाच धीर पहिल्या आठवड्यात खचतो.

जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचण्यात आले. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून आयुष्य काही काळ लांबवणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. लेनर्ड त्यानंतर १३ वर्षे जगला. आज नियमित इन्सुलिन घेणारी मुले शिकतात, नोकरी-शेती करतात, संसार थाटतात.

खरी परीक्षा मात्र पहिल्या काही महिन्यांत होते. इन्सुलिन सुरू झाल्यावर अनेक मुलांत उरल्यासुरल्या पेशी तात्पुरत्या पुन्हा काम करू लागतात आणि सुईची मात्रा बरीच कमी करावी लागते. डॉक्टर या काळाला ‘हनिमून’ म्हणतात. नेमक्या याच दिवसांत कोणीतरी काढा सुचवलेला असतो, कुठून तरी अंगारा आलेला असतो. साखर उतरलेली दिसते, श्रेय काढ्याला जाते आणि सुई बंद होते. हा काळ काही आठवडे किंवा महिने टिकतो, मग संपतो. त्या वेळी इन्सुलिन थांबलेले असेल, तर रक्तात आम्ल साठते. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, गुंगी ही त्याची लक्षणे. रात्र उजाडण्याची वाट पाहू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. मात्रा कमी झाली म्हणजे आजार गेला, असे या आजारात कधीच समजू नये.

नवस मोडा, असे मी कोणाला सांगत नाही. राजूरच्या गणपतीला साकडे घालून आलेली आई पुष्कळदा अधिक स्थिर हाताने सुई टोचते, हे मी पाहिले आहे. देवावरचा विश्वास सुईच्या सोबतीला असावा, सुईच्या जागी नव्हे. उपास मुलाकडून करवून घेऊ नये. इन्सुलिन घेऊन पोट रिकामे राहिले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. उपास आजींनी धरावा. (आजींनाही साखरेची गोळी चालू असेल, तर आधी आम्हाला विचारावे!)

आई-वडील शेतात किंवा कामावर असताना मूल आजी-आजोबांजवळच असते. म्हणून साखर उतरल्याची खूण त्यांना ओळखता आलीच पाहिजे. दरदरून घाम, थरथर, अचानक चिडचिड, असंबद्ध बोलणे दिसताच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी आणि बरे वाटल्यावर भाकरी किंवा पोळी खाऊ घालावी. मूल बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नये. थेट रुग्णालयात न्यावे.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि वीजही जाते. फ्रिज नसेल, तर इन्सुलिनची बाटली बंद डबीत घालून, ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात सावलीत ठेवावी. फ्रिज असला तरी बर्फाच्या कप्प्यात कदापि ठेवू नये. ४० युनिटच्या बाटलीला ४० चीच, लाल टोपीची सिरिंज लागते. औषधाच्या दुकानात हे दर वेळी पाहून घ्यावे.

मुलीचा आजार लपवण्याकडे कल अधिक असतो. पाहुण्यांसमोर सुई नको म्हणून दुपारची मात्रा चुकते आणि पुढे सासरी कळू नये म्हणून ती चुकतच राहते. लपवाछपवी घरातल्या मोठ्यांनी सुरू केलेली असते. ती त्यांनीच थांबवावी. मूल सुईपेक्षा आपल्या चेहऱ्याकडे अधिक पाहत असते. ‘बिचारी’ हा शब्द तिच्या कानावर पडू देऊ नये.

छत्रपती संभाजीनगर येथे डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ ही संस्था टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांसाठी काम करते. आपल्यासारखीच सुई घेणारी दहा मुले एकत्र भेटली, की माझ्या तासाभराच्या समजावणीने जे होत नाही ते घडते.

अंगारकीला राजूरला पायी जाणाऱ्यांत असे मूल असू शकते का, असे मला विचारतात. अवश्य असू शकते. निघण्यापूर्वी मात्रा कमी करण्याबाबत डॉक्टरांशी बोलावे, वाटेत दर तासाला थोडे खाऊ द्यावे, साखर तपासण्याचे यंत्र आणि गार पिशवीतले इन्सुलिन वडिलांजवळ असावे, आणि साखरेची पुडी मुलाच्या स्वतःच्या खिशात.