छापील प्रत सर्वत्र सारखी कशी निघेल?

ग्रामपंचायतीत तयार केलेला ठराव तालुक्याच्या कार्यालयात छापला असता कधी मजकूर एका पानावर आणि सही दुसऱ्या पानावर जाते, तर कधी मराठी अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात. अशी प्रत नाकारली गेल्यास हेलपाटा पडतो तो नागरिकाला.

हा दोष बहुधा प्रिंटरचा नसतो. फाइलमध्ये अक्षरांचे केवळ संकेतांक साठविलेले असतात. त्यांना आकार देतो तो त्या संगणकावरील फॉन्ट. जुने मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेले होते. म्हणून तो फॉन्ट नसेल तेथे मजकूर वाचता येत नाही. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडने देवनागरीस स्वतंत्र संकेतांक दिले. तथापि, फॉन्ट बदलला की युनिकोडमध्येही ओळी सरकतात. यास्तव अंतिम प्रत फॉन्ट अंतर्भूत करून पीडीएफ स्वरूपात पाठवावी. पीडीएफला २००८ पासून आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा आहे.

कागदाचे मापही तपासावे. ए-४ कागद २१० × २९७ मिलिमीटरचा असतो. अमेरिकी ‘लेटर’ कागद सुमारे १८ मिलिमीटरने आखूड असतो. फाइल व प्रिंटर या दोहोंत ए-४ निवडावे, समास पुरेसा ठेवावा आणि छपाई १०० टक्के मापात करावी.

शासकीय कागद हा नागरिकाच्या हक्काचा पुरावा होय. तो कोठेही छापला तरी सारखाच दिसला पाहिजे.