गांवठी कोंबड्यांस मानमोडीची लस : समितीचें निवेदन

दुष्काळांत अन्न व चारा पुरविणें हें आमच्या समितीचें पहिलें कर्तव्य होय. परंतु ज्या घरचा बैल विकला गेला व ज्याच्या कणगींत दाणा उरला नाहीं, त्या घरीं शेवटीं राहतात त्या परसांतल्या चार-पांच कोंबड्या. अंडीं विकून तेल-मीठ येतें, कोंबडा विकून औषध येतें. आणि हें धन बहुधा घरच्या बाईच्या हातीं असतें. मानमोडी आली म्हणजे थोड्याच दिवसांत खुराडें रिकामें होतें. म्हणून या विषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

मानमोडी हा विषाणूपासून होणारा रोग आहे. सन १९२६ मध्यें जावा बेटांत व इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें तो प्रथम ओळखला गेला. आपल्या देशांत त्यास राणीखेत या गांवावरून नांव पडलें. मान वांकडी होते, पंख लुळे पडतात, हिरवट हगवण लागते. झाल्यावर औषध नाहीं. आधीं लस हाच उपाय. लहान पिलांस लासोटा अथवा एफ वाणाची सौम्य लस डोळ्यांत वा नाकांत थेंब घालून देतात. आठ आठवड्यांवरील पक्ष्यांस मुक्तेश्वर वाणाची लस टोचतात.

मग गरीब ती कां घेत नाहीं? लसीच्या एका कुपींत शेकडों पक्ष्यांपुरता पुरवठा असतो, ती थंड ठेवावी लागते, व एकदां कालविल्यावर कांहीं तासांतच संपवावी लागते. पांच कोंबड्यांच्या धन्यानें ती कुपी विकत घेऊन काय करावें? हें काम सर्व गांवानें एकाच दिवशींच करण्याजोगें आहे, व तेथेंच समितीची गरज आहे.

तथापि थेंब घातला एवढ्यावरून काम झालें असें मानणें, म्हणजे फिर्यादीचें म्हणणें हाच पुरावा धरण्यासारखें होय. पुरावा रक्तांत असतो. या विषाणूच्या अंगीं कोंबडीच्या तांबड्या पेशी एकमेकींस चिकटविण्याचा गुण आहे. लस लागू पडलेल्या पक्ष्याच्या रक्तद्रवांत हा गुण रोखणारीं प्रतिद्रव्यें उत्पन्न होतात. लसीनंतर दोन-तीन आठवड्यांनीं पंखाच्या शिरेंतून थोडें रक्त घेऊन तो द्रव १:२, १:४, १:८ असा निमपट पातळ करीत जातात. ज्या शेवटच्या पायरीपर्यंत पेशी न चिकटतां तळाशीं ठिपक्यासारख्या बसतात, तो त्या पक्ष्याचा अंक. सामान्यतः १:८ वा अधिक अंक संरक्षक मानितात. अंक कमी भरला, तर लस वाटेंत तापली, थेंब नीट पडला नाहीं, किंवा आईकडून आलेल्या प्रतिद्रव्यांनीं पिलांत ती निष्फळ केली, असा शोध घेतां येतो. महिने जातात तसा अंक उतरतो. म्हणून लस पुनःपुन्हा द्यावी लागते.

सबब आमची विनंति अशी : व्यापारी बंधूंनीं शीतपेट्या, बर्फ व रक्तपरीक्षेचा खर्च द्यावा. पहांटे खुराडीं उघडण्यापूर्वीं घरोघर जावें लागतें. तरी बागायतदारांनीं त्या दिवशीं मजुरांस उशिरां येण्याची मुभा द्यावी, व आपल्याही कोंबड्यांस लस घ्यावी. कारण रोग वाडा व झोंपडी असा भेद करीत नाहीं. दुष्काळ सरल्यावर पाऊस शेत परत देईल. मेलेली कोंबडी परत देणार नाहीं.