ध्वनीच्या जाळीतून जाणारा प्रकाश

काचेच्या एका लहानशा पेटीत पाणी भरावे व तिच्या एका बाजूस क्वार्ट्‌झ स्फटिकाची पातळ चकती बसवावी. या चकतीस अतिशय शीघ्रतेने उलटसुलट होणारा विद्युत्‌दाब दिला की ती कंप पावू लागते. कंपनांची संख्या सेकंदास एक कोटी असली, तर पाण्यातून जो ध्वनी वाहू लागतो तो मनुष्याच्या कानास मुळीच ऐकू येत नाही. पण पाण्यात एकाआड एक दाट व विरळ थर मात्र पडतात. पाण्यातील ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे १५०० मीटर असल्याने लागोपाठच्या दोन दाट थरांमध्ये अवघे ०.१५ मिलिमीटर अंतर राहते.

या थरांना समांतर अशी सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची अरुंद शलाका पेटीतून आरपार सोडली, तर पलीकडे एक मीटरवर ठेवलेल्या पडद्यावर एकच रेघ न दिसता अनेक रेघा दिसतात. मधल्या रेघेच्या दोन्ही अंगांस सुमारे चार-चार मिलिमीटरच्या अंतराने त्या ओळीने उभ्या राहतात. ध्वनीने प्रकाश असा फाकतो, हे १९३२ साली अमेरिकेत डिबाय व सिअर्स यांनी आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये ल्यूका व बिकार यांनी दाखवून दिले.

तथापि या रेघांचा उलगडा होईना. ब्रिलुआँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२२ मध्येच असे काही घडेल हे भाकीत केले होते. पण त्याच्या कल्पनेत ध्वनीचे थर म्हणजे आरशांची चळत होती, आणि तीवरून परावर्तन व्हावयाचे ते एका ठराविक कोनातच. प्रयोगात तर प्रकाश सरळ सोडला तरी रेघा उमटत, त्याही एकीपेक्षा अधिक. शिवाय ध्वनी वाढवीत नेला की त्यांचे तेज कधी वाढे, कधी मावळे. झुरिक येथील बेअर याच्या प्रयोगांत हा लहरीपणा स्पष्ट दिसत होता.

हे कोडे सुटले ते बंगळूरमध्ये. चंद्रशेखर वेंकट रामन १९३३ साली तेथील भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले, आणि १९३४ साली त्यांनी भारतीय विज्ञान अकादमी स्थापन केली. या अकादमीच्याच नियतकालिकात १९३५-३६ मध्ये रामन व त्यांचे तरुण सहकारी नागेंद्र नाथ यांची लेखमाला प्रसिद्ध झाली.

त्यांची कल्पना आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. दाट थरात प्रकाश किंचित मागे पडतो, विरळ थरात किंचित पुढे जातो. म्हणून पेटीत सपाट शिरलेली प्रकाशलहर बाहेर पडते ती पन्हळी पत्र्यासारखी होऊन. येथे आरसा नाही की परावर्तन नाही. पन्हळ उथळ असेल तोवर शेजारच्या दोनच रेघा अंधुक दिसतात व ध्वनीची शक्ती दुप्पट केली की त्यांचे तेजही दुप्पट होते. एवढ्यावरच थांबले असते तर यात विशेष काही नव्हते. खरी मौज पन्हळ खोल झाल्यावर सुरू होते. सरळ हिशेब मोडतो. दुसरी, तिसरी रेघ प्रकट होते आणि मधल्या रेघेचा प्रकाश ओसरत जातो. पन्हळीची मागे-पुढे होणारी मजल प्रकाशलहरीच्या लांबीच्या शेकडा ३८ इतकी झाली की मधली रेघ पूर्णपणे विझते! त्या क्षणी पहिल्या दोन रेघांत प्रत्येकी शेकडा २७, दुसऱ्या दोहोंत प्रत्येकी सुमारे १९ व तिसऱ्या दोहोंत प्रत्येकी चार भाग प्रकाश असतो. ध्वनी आणखी वाढवावा, तर विझलेली रेघ पुन्हा उजळू लागते. बेअर यास दिसलेला लहरीपणा तो हाच.

ध्वनितरंग पुढे सरकत असल्यामुळे प्रत्येक रेघेच्या कंपनसंख्येतही फरक पडतो. पहिल्या रेघेत तो ध्वनीच्या कंपनसंख्येइतका, दुसरीत दुप्पट. वरील उदाहरणात पहिल्या रेघेचा फरक पाच कोटींत एक एवढाच भरतो.

ध्वनीचा झोत जाड किंवा कंपनसंख्या फार मोठी असल्यास मात्र पन्हळीचे चित्र अपुरे पडते व ब्रिलुआँचे आरसेच खरे ठरतात. आज लेसरचा झोत वळविण्यासाठी वा चालू-बंद करण्यासाठी या दोन्ही प्रकारांची उपकरणे वापरतात.

अलीकडे असेच खेळ चुंबकीय लहरींशी चालले आहेत. त्यांच्या ऊर्जेच्या पुडक्यांस मॅग्नॉन म्हणतात. यिट्रियम, लोह व ऑक्सिजन यांच्या गार्नेट स्फटिकाची लहानशी गोळी धातूच्या पोकळीत ठेवली, तर पोकळीत कोंडलेल्या सूक्ष्मतरंगांशी तिच्या मॅग्नॉनांचा मेळ जमतो. येथेही शक्ती वाढविली की सरळ हिशेब मोडतो. पण कारण निराळे आहे. रामन-नाथ यांच्या पेटीत प्रकाश पाण्यास काहीच करीत नाही. येथे मॅग्नॉनांची गर्दी आपलीच कंपनसंख्या सरकविते. त्यामुळे तेवढ्याच शक्तीस गोळीच्या दोन भिन्न अवस्था संभवतात, आणि त्यांतील कोणती मिळेल हे शक्ती चढवीत आणली की उतरवीत, यावर ठरते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ही द्विस्थिती प्रत्यक्ष मोजली गेली.

रामन यांनी १९३७ साली संचालकपद सोडले, पण प्राध्यापक म्हणून ते १९४८ पर्यंत त्याच संस्थेत राहिले. पातळ ध्वनिजाळीतून होणाऱ्या विवर्तनास जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आजही रामन-नाथ विवर्तन असेच म्हणतात.