पॅरासिटामॉलचा उतारा : एडिंबरोच्या विषोपचार केंद्राचे कार्य

औषधाच्या अतिमात्रेने विषबाधा झाली की रुग्ण लगेच अत्यवस्थ होतो, ही सर्वसाधारण समजूत ताप-अंगदुखीवर घरोघरी घेतल्या जाणाऱ्या पॅरासिटामॉलच्या बाबतीत फसवी ठरते. असा रुग्ण पहिल्या दिवशी बहुधा पूर्ण शुद्धीवर असतो, मळमळीखेरीज त्याची फारशी तक्रार नसते, आणि यकृताची हानी उघड होईपर्यंत उतारा देण्याची उत्तम वेळ टळून गेलेली असते. बऱ्या दिसणाऱ्या माणसावर उपचार कधी करायचा, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर एडिंबरोच्या रॉयल इन्फर्मरीतील विषोपचार केंद्राने दिले.

नेहमीच्या मात्रेतील बहुतेक पॅरासिटामॉल यकृत निरुपद्रवी रूपात बदलते. अल्प अंशापासून जे घातक द्रव्य बनते, त्याला पेशींतील ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य निष्प्रभ करते. मात्रा फार झाली की हा साठा आटतो आणि मोकाट राहिलेले घातक द्रव्य यकृताच्या पेशी मारू लागते. 1973 च्या सुमारास अमेरिकेतील संशोधकांनी हा उलगडा केल्यावर एडिंबरोत लॉरी प्रेस्कॉट यांनी आधी सिस्टिअमीन वापरून पाहिले. त्याने यकृत वाचले, पण ओकाऱ्यांनी रुग्ण बेजार झाले. पुढे त्यांनी छातीतला कफ पातळ करण्यासाठी आधीपासून वापरात असलेले अ‍ॅसिटिलसिस्टीन शिरेवाटे दिले आणि 1979 मध्ये 100 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. हे औषध ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरून काढते, आणि पहिल्या 8 तासांत सुरू झाले तर यकृत जवळजवळ हमखास बचावते.

उतारा कोणाला द्यायचा, हे ठरवणारा आलेख याच केंद्राचे हेन्री मॅथ्यू आणि अमेरिकेतील बॅरी रुमॅक यांनी 1975 मध्ये मांडला. त्यात आडव्या अक्षावर गोळ्या घेतल्यापासूनचे तास आणि उभ्या अक्षावर रक्तातील औषधाचे प्रमाण असते. ब्रिटनमध्ये 2012 पासून उपचाराची रेषा चौथ्या तासाला लिटरमागे 100 मिलिग्रॅमपासून निघते आणि आठव्या तासाला 50 वर उतरते. म्हणून 60 हा आकडा चौथ्या तासाला रेषेखाली, तर आठव्या तासाला रेषेच्या वर जातो. चार तासांच्या आत घेतलेला नमुना या आलेखावर वाचता येत नाही, कारण औषध अजून आतड्यांतून रक्तात उतरतच असते. गोळ्या थोड्या थोड्या वेळाने घेतल्या असतील किंवा वेळच ठाऊक नसेल, तर आलेख बाजूला ठेवून उतारा सुरू करतात. सर्दीच्या अनेक मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असल्याने नकळत अतिमात्रा झालेल्यांची वेळ सांगणे तर फारच अवघड.

या केंद्राचे वेगळेपण केवळ रसायनशास्त्रात नव्हते. मनोविकारतज्ज्ञ नील केसेल यांनी 1960 च्या दशकात जाणूनबुजून विष घेतलेल्या येथील रुग्णांचा अभ्यास केला, आणि शरीर सावरल्यावर रुग्णाच्या मनःस्थितीची व घरच्या अडचणींची चौकशी करणे हा येथे उपचाराचाच भाग मानला गेला. ही गोष्ट उताऱ्याइतकीच मोलाची होती, जरी तिचा गाजावाजा कमी झाला. 1998 मध्ये ब्रिटनने वेष्टनामागे गोळ्यांची संख्या मर्यादित केली, तीही निराशेच्या क्षणी फार गोळ्या हाताशी नसाव्यात या विचाराने.

उतारा देण्याच्या जुन्या पद्धतीत त्याचा पहिला, मोठा भाग भरभर दिला जाई, त्यामुळे अंगावर पुरळ, खाज आणि ओकाऱ्या होत. एडिंबरोच्याच पुढाकाराने झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत किलोमागे 300 मिलिग्रॅम ही एकूण मात्रा तीच ठेवून सुरुवातीचा वेग कमी केला, आणि सुमारे 21 तासांचे सलाईन 12 तासांवर आले.