आयकॉन-रूपांतर
संगणकाच्या पडद्यावर एखादी फाइल वा आज्ञावली दर्शविणाऱ्या लहान चित्राची, म्हणजे आयकॉनची, फाइल एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात नेण्याची प्रक्रिया. केवळ नावाचा प्रत्यय बदलून हे साधत नाही. फाइलीची अंतर्गत मांडणी बदलावी लागते. विंडोज प्रणालीच्या आयसीओ फाइलीत एकाच चित्राच्या १६, ३२, ४८, २५६ पिक्सेल अशा निरनिराळ्या मापांच्या प्रती एकत्र असू शकतात. प्रारंभी ६ बाइटांचे शीर्ष व नंतर प्रत्येक प्रतीसाठी १६ बाइटांची नोंद असते. नोंदीत रुंदी व उंची यांना प्रत्येकी एकच बाइट असल्याने २५६ हे माप शून्याने दर्शवितात.

जुन्या आयकॉनांत प्रत्येक पिक्सेल पूर्ण पारदर्शक किंवा पूर्ण अपारदर्शक असे. त्यामुळे वक्र कडा दातेरी दिसत. विंडोज एक्सपीपासून (२००१) अंशतः पारदर्शकता आली, तर व्हिस्टापासून (२००७) आयसीओमध्ये पीएनजी चित्र अंतर्भूत करता येऊ लागले. जेपीईजीमध्ये पारदर्शकतेची सोय नाही. त्या स्वरूपात नेताना ती माहिती नष्ट होते आणि उलट रूपांतराने परत मिळत नाही. त्याचप्रमाणे लहान चित्र मोठे केल्याने नवा तपशील निर्माण होत नाही. यास्तव मूळ चित्र एसव्हीजीसारख्या सदिश स्वरूपात जतन करून त्यापासून प्रती तयार करणे श्रेयस्कर ठरते. १६ पिक्सेलांच्या प्रतीत बारीक रेषा पुसट होत असल्याने ती मात्र स्वतंत्रपणे रेखाटतात.