नव्वदाव्या वर्षी लाल टोपी

1994 च्या नोव्हेंबरात पोप जॉन पॉल दुसरे यांनी नेमलेल्या नव्या कार्डिनलांमध्ये एक फ्रेंच डोमिनिकन धर्मगुरू होते. त्यांना या पदाचा तसा काही उपयोग नव्हता. ईव्ह काँगार नव्वद वर्षांचे होते, आणि ऐंशी उलटलेल्या कार्डिनलला पोपच्या निवडणुकीत मत नसते. मज्जासंस्थेच्या जुन्या आजाराने शरीर लुळे पडले होते. समारंभासाठी रोमला जाणे शक्य नव्हते, म्हणून लाल टोपी पॅरिसमधल्या अँव्हालीद या जुन्या सैनिकी रुग्णालयात त्यांच्याकडे आली. बिशपपदाची पायरी त्यांनी कधी चढलीच नव्हती; साध्या धर्मगुरूचे ते थेट कार्डिनल झाले. त्यानंतर ते जेमतेम सात महिने जगले.

हा मान कोणी कोणाला दिला, हे समजायला चाळीस वर्षे मागे जावे लागते. 1954 च्या फेब्रुवारीत याच रोमच्या दबावाखाली काँगार यांना शिकवण्याच्या कामावरून दूर करून पॅरिसबाहेर पाठवण्यात आले होते.

त्यांचा जन्म 13 एप्रिल 1904 चा, बेल्जियमच्या सीमेजवळच्या सेदाँ गावातला. पहिले महायुद्ध सुरू होताच गाव जर्मनांच्या ताब्यात गेले. आईच्या सांगण्यावरून दहा वर्षांचा ईव्ह रोजनिशी लिहू लागला, तीही चित्रे काढून. लिहून ठेवण्याची ही सवय जन्मभर टिकली. जर्मन सैनिकांनी त्यांच्या वस्तीतले कॅथलिक चर्च जाळले, तेव्हा तिथल्या प्रॉटेस्टंट पाळकांनी आपले प्रार्थनामंदिर कॅथलिकांना मिस्सेसाठी उघडून दिले. ख्रिस्ती पंथांनी एकत्र यावे, हा विचार काँगार यांच्याकडे पुस्तकांतून येण्याआधी असा शेजारातून आला.

1925 मध्ये ते डोमिनिकन संघात दाखल झाले आणि 1930 मध्ये धर्मगुरू झाले. संघाचे ल सोलश्वार हे विद्यापीठ तेव्हा बेल्जियममध्ये होते, कारण फ्रान्सच्या धर्मसंघविरोधी कायद्यांमुळे त्याला देश सोडावा लागला होता. तिथे मारी-दोमिनिक शेन्यू यांच्यासारखा गुरू लाभला. सिद्धान्त आकाशातून पडत नाहीत, त्यांना इतिहास असतो, हे शेन्यूंचे सांगणे काँगार यांनी कायमचे उचलले. 1937 मध्ये त्यांचा ‘विभक्त ख्रिस्ती’ या विषयावरचा ग्रंथ ‘उनाम सांक्ताम’ या नव्या मालेचा पहिला खंड म्हणून निघाला. पंथांच्या ऐक्यासाठी भरणाऱ्या सभांपासून कॅथलिकांनी दूर राहावे, असे पोप पायस अकरावे यांनी 1928 मध्येच बजावले होते. त्या हवेत हे पुस्तक काढायला छाती लागत होती. रोममध्ये भुवया उंचावल्या त्या तेव्हापासून.

मग दुसरे महायुद्ध. 1940 ते 1945 ही पाच वर्षे काँगार जर्मनांचे युद्धकैदी होते. पळून जाण्याचे प्रयत्न करणाऱ्या नाठाळ अधिकाऱ्यांना जिथे ठेवत, त्या कोल्डिट्झच्या किल्ल्यातही ते होते. म्हातारपणी सैनिकी रुग्णालयात जागा मिळाली ती याच हक्काने. पुढे चर्चच्या चौकशी खात्याची तुलना त्यांनी गेस्टापोशी केली. हे शब्द कडवट आहेत, अन्यायकारकही म्हणता येतील. पण ते लिहिणाऱ्याने खरी कैद भोगली होती, हे विसरून चालत नाही.

1950 मध्ये ‘ख्रिस्तसभेतील खरी आणि खोटी सुधारणा’ हा त्यांचा बहुधा सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ आला. ख्रिस्तसभा पवित्र आहे, तरी तिला सुधारणेची गरज आहे, हे म्हणणे त्या काळी धक्कादायक होते. पण काँगार बंडाचे शास्त्र लिहीत नव्हते. सुधारकाने सिद्धान्ताच्या अट्टहासापेक्षा लोकांची काळजी वाहावी, ऐक्यातून बाहेर पडू नये, उशीर सोसावा आणि नव्याची टूम काढण्याऐवजी मूळ परंपरेकडे परत जावे, अशा अटी त्यांनी घातल्या. दोन वर्षांत या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीला आणि भाषांतरांना मनाई झाली. उशीर सोसा असे सांगणाऱ्या लेखकावरच तो सोसण्याची वेळ आली.

1953 मध्ये प्रापंचिकांच्या स्थानावरचा मोठा ग्रंथ निघाला. कारखान्यात मजुरी करून कामगारांत राहणाऱ्या फ्रेंच धर्मगुरूंचा प्रयोग रोमने त्याच सुमारास मोडीत काढला. त्या लाटेत शेन्यू, काँगार आणि त्यांचे सहकारी हलवले गेले आणि डोमिनिकन संघाच्या तिन्ही फ्रेंच प्रांतप्रमुखांना पदे सोडावी लागली. जेरुसलेम, रोम, मग इंग्लंडमधले केंब्रिज असा काँगार यांचा वनवास सुरू झाला. सर्वांत वाईट दिवस केंब्रिजचे. 1956 च्या सप्टेंबरात तिथून त्यांनी आईला लिहिलेले पत्र वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होते. बावन्न वर्षांचा विद्वान आईला सांगतो आहे, की आपल्याला आतून संपवण्यात आले आहे. वर्षअखेरीस स्ट्रासबुर्गच्या बिशपांनी आसरा दिला, तेव्हा कुठे श्वास घेता आला.

ते संघ सोडून का गेले नाहीत? भित्रेपणामुळे नक्कीच नाही. बाहेर पडणारा सुधारक मागे राहिलेल्यांना हातच लावू शकत नाही, अशी त्यांची धारणा होती. मला ती पटते, मात्र पूर्ण नाही. अशा आज्ञापालनाची किंमत प्रत्येक वेळी दुर्बळ बाजूनेच मोजायची असते, आणि काँगार यांच्या रोजनिशीत तिचा हिशेब पानोपानी दिसतो.

1958 मध्ये पोप तेविसावे जॉन आले आणि वारे फिरले. पॅरिसमध्ये पोपचे राजदूत असताना त्यांना या मंडळींची ओळख झाली होती. 1960 मध्ये, त्यांनीच बोलावलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या तयारीसाठी नेमलेल्या सल्लागारांच्या यादीत काँगार होते, आणि तसेच छळ सोसलेले आंरी द ल्युबाकही. 1962 ते 1965 या काळात काठी टेकत, प्रसंगी दुखण्याने बेजार होत, काँगार एका समितीतून दुसऱ्या समितीत फिरत राहिले. 7 डिसेंबर 1965 रोजी, परिषद संपण्याच्या आदल्या दिवशी, कोणत्या दस्तऐवजात आपला किती हात होता, याची त्यांनी रोजनिशीत नोंद केली. मिशनकार्याच्या दस्तऐवजाचा पहिला अध्याय अथपासून इतिपर्यंत आपला. त्यात आठव्या परिच्छेदापुरती एका तरुण जर्मन पंडिताची मदत. तो पंडित म्हणजे योसेफ रात्सिंगर, पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे. ख्रिस्तसभा, दैवी प्रकटीकरण, पंथांचे ऐक्य, धर्मस्वातंत्र्य आणि धर्मगुरूंचे जीवन या विषयांवरच्या मजकुरांतही त्यांचा वाटा होता.

ख्रिस्तसभेवरच्या दस्तऐवजात ‘देवाची प्रजा’ हा अध्याय बिशप आणि पोप यांच्यावरच्या अध्यायाच्या आधी आला. हे श्रेय एकट्या काँगार यांचे नाही, बेल्जियमचे कार्डिनल सुनेन्स यांचा त्यात मोठा हात होता. पण जमीन वीस वर्षे नांगरली होती ती काँगार यांनी. अध्यायांचा क्रम बदलला म्हणजे नुसती अनुक्रमणिका बदलली असे नव्हे. आधी सगळे बाप्तिस्मा झालेले लोक, मग त्यांच्यातले अधिकारी. हा दस्तऐवज 21 नोव्हेंबर 1964 रोजी जाहीर झाला आणि 2 डिसेंबरला पोप पॉल सहावे मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेला उतरले. वसईच्या धर्मग्रामांत लॅटिनऐवजी मराठीत मिस्सा सुरू झाली, ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे.

नंतरच्या वर्षांतही ते थांबले नाहीत. प्रापंचिकांची व्याख्या आपण धर्मगुरूंच्या मापाने केली, ही चूक होती, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहिले. 1979-80 मध्ये पवित्र आत्म्यावरचे तीन खंड आले, तोवर शरीराचा ताबा सुटत चालला होता. 22 जून 1995 रोजी पॅरिसमध्ये ते गेले.

त्यांना खरा मान 1965 मध्येच मिळाला होता. लाल टोपी ही चर्चने उशिरा फेडलेली बाकी. ती देणारे पोपही परिषदेत त्यांच्यासोबत मसुद्यांवर बसलेले पोलंडचे आर्चबिशप वोयतिवा होते. परिषदेच्या काळातली रोजनिशी सन 2000 च्या आत उघड करू नये, अशी काँगार यांची अट होती. ती 2002 मध्ये फ्रेंचमध्ये आणि 2012 मध्ये इंग्रजीत आली. काँगार वाचायचे असतील तर सुरुवात तिथूनच करा. जाडजूड ग्रंथ नंतर.